कुटुंब-रविवार : जानेवारी ते जुलैच्या नोंदी

३ जानेवारी, शुक्रवार

या वर्षापासून आमच्या विज्ञान-दालनात दर महिन्याचा दुसरा रविवार कुटुंबांसाठी. त्या दिवशी हात लावून करून बघायची एक नवी मांडणी, तिच्याभोवती एक उपक्रम, आणि बाकीचं दालन नेहमीसारखं उघडं. मांडण्या बनवण्याचं आणि त्या दिवशी बाजूला उभं राहून बघण्याचं काम माझ्याकडे आहे. या वहीत तेच लिहिणार.

सुरुवातीलाच एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मागच्या महिन्यात ती रोज दिसली. मूल मांडणीकडे धावतं, हात लावतं, आणि दहा सेकंदांत मागून मोठ्या माणसाचा हात येतो. "असं नाही, असं कर." मग मोठा माणूस करतो आणि मूल बघतं. नाहीतर मोठा माणूस मागे बाकावर बसतो आणि मूल एकटंच खटके दाबत सुटतं. दोन्हींत प्रेम आहे, पण दोन्हींत बोलणं नाही. मला या सात महिन्यांत एवढंच शोधायचंय की मांडणी कशी केली म्हणजे दोघं एकमेकांशी बोलायला लागतील.

१२ जानेवारी, रविवार

पहिली मांडणी अगदी साधी : भिंतीवर उभा आरसा आणि चिकटपट्टी. प्रश्न एवढाच की स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघायला किती उंच आरसा लागेल?

जवळजवळ सगळे मोठे म्हणाले, आपल्या उंचीएवढा. उत्तर आहे उंचीच्या निम्मा, आणि मागे सरकलं तरी निम्माच. मागे गेल्यावर जास्त दिसेल असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून सगळे मागे जाऊन बघतात आणि चकित होऊन परत पुढे येतात.

हे चाललं, कारण एकट्याला जमत नाही. आरशात डोक्याचं टोक कुठे दिसतंय आणि पायाचा अंगठा कुठे, हे उभा असलेला माणूस सांगतो आणि पट्टी दुसऱ्यालाच लावावी लागते. वाकलं की प्रतिबिंब हलतं. मग मूल "वर, अजून वर, थांब" असं बापाला सांगतं आणि बाप ऐकतो. दुपारी आरशावर वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्यांची गर्दी झाली होती. त्या तशाच ठेवल्या, पुसल्या नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

१९९०च्या दशकात फिलाडेल्फिया परिसरातल्या चार संस्थांनी (एक विज्ञान संग्रहालय, एक निसर्गविज्ञान संग्रहालय, एक प्राणिसंग्रहालय, एक मत्स्यालय) मिळून कुटुंबं मांडणीजवळ कशी शिकतात याचा अभ्यास केला होता. त्यांनी सात गुण काढले. मांडणीभोवती सगळ्या बाजूंनी उभं राहता यावं. एकाच वेळी अनेक हात चालावेत. मोठ्यांना आणि छोट्यांना दोघांनाही सोयीची असावी. एकाच ठरलेल्या उत्तरापाशी संपू नये. वेगवेगळ्या तऱ्हेने शिकणाऱ्यांना जागा असावी. मजकूर सहज वाचता यावा. आणि माणसाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीशी तिचा धागा जुळावा.

यादी वाचली आणि दालनात फेरी मारली. आमची निम्मी मेजं भिंतीला टेकवलेली आहेत. वायर लपवायला सोपं जातं म्हणून. भिंतीला टेकलेल्या मेजापुढे एकच माणूस नीट उभा राहू शकतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतो. आज सुतारदादांना घेऊन चार मेजं ओढून मधे आणली. वायरींसाठी जमिनीवर पट्टी मारावी लागेल, ते उद्या.

३० जानेवारी, गुरुवार

फेब्रुवारीसाठी तांब्याच्या नळीतून पडणारा चुंबक. जुनाच प्रयोग आहे, पण कितीदा पाहिला तरी मी थांबते. मीटरभर उंचीवरून मोकळी वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येते. जाड भिंतीच्या तांब्याच्या नळीतून निओडिमियमचा (म्हणजे फार ताकदवान) चुंबक मात्र असा तरंगत उतरतो की मधे कुठे अडकला असं वाटावं. चुंबक सरकतो तसं नळीच्या भिंतीत वीज फिरते आणि त्या विजेचं चुंबकत्व पडणाऱ्या चुंबकाला मागे ओढतं. चुंबक हलवला की वीज निर्माण होते हे फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये दाखवलं, त्याचंच हे लेकरू.

लहान मुलांच्या दालनात हे चुंबक सुटे ठेवायचे नाहीत, यावर मी अडून बसले. मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग चिमटला जातो, शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. शिवाय ते ठिसूळ असतात, फरशीवर पडले की टवके उडतात. म्हणून नळ्या दोन्ही टोकांना जाड पारदर्शक झाकणांनी बंद केल्या आणि वाळूच्या घड्याळासारख्या उलटवता येतील अशा आसावर बसवल्या. चुंबक आत कायमचा कोंडलेला.

पहिल्या नमुन्यात दोन नळ्या शेजारीशेजारी होत्या, एक तांब्याची, एक प्लॅस्टिकची, दोन्हींत चुंबक. उलटवलं, तर प्लॅस्टिकच्या नळीतला चुंबक शेजारच्याकडे ओढला जाऊन भिंतीला घासत थांबला. दिवसभराचं काम गेलं. आता दोन्ही नळ्या तांब्याच्या, एकीत चुंबक, दुसरीत त्याच मापाचा पितळी तुकडा.

९ फेब्रुवारी, रविवार

आसाच्या दोन्ही टोकांना मुठी आहेत, त्यामुळे नळ्या उलटवायला दोन माणसं लागतात. हे मुद्दाम केलं आणि ते लागू पडलं. "एक, दोन, तीन" म्हणत उलटवतात आणि मग दोघंही खाली वाकून वाट बघतात. पितळ "टक्" करून पडतं. चुंबक येत नाही. येत नाही. मग येतो.

१० मिनिटं थांबलेलं एक कुटुंब होतं. आई मुलीला दरवेळी "आता?" एवढंच विचारत होती, आणि मुलगी चुंबक कुठे पोचला असेल त्याचा अंदाज नळीवर बोट ठेवून दाखवत होती. ते मी सुचवलं नव्हतं. नळीवर खुणा केलेल्या नाहीत. करायला हव्यात का? नको वाटतं, बोटच बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक चूक राहिली. रविवारी बऱ्याच पालकांनी मुलांना सांगितलं, "चुंबक तांब्याला चिकटतो म्हणून हळू येतो." तांब्याला चुंबक चिकटत नाही. मोठा माणूस चुकीचं सांगतोय म्हणून मी मधे पडून दुरुस्त केलं असतं तर मुलासमोर त्याला खाली बघावं लागलं असतं, आणि तो पुढच्या मेजापाशी गप्प राहिला असता. दुरुस्ती मांडणीनेच करायला हवी. म्हणून मेजाच्या कडेला एक चुंबक पक्का बसवला आणि साखळीला तांब्याचा, लोखंडाचा आणि पितळेचा तुकडा बांधून ठेवला. लोखंड चिकटतं, तांबं चिकटत नाही. ज्याला शंका येईल तो स्वतःच करून बघेल.

आणि नळीला उभी फट पाडली, आतलं दिसावं म्हणून. फटीमुळे चुंबक आधीपेक्षा जरा लवकर येतो, तरी थबकत-थबकतच. मला भीती होती की सगळी गंमत जाईल. गेली नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस फलकांचा. लोक फलक वाचत नाहीत, अशी आपल्या क्षेत्रात सगळ्यांची तक्रार असते. संग्रहालयांच्या अभ्यासक पॉलेट मॅकमॅनस यांनी १९८०च्या दशकात लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात लोकांचं आपसांतलं बोलणं ऐकून उलट दाखवलं. लोक वाचताना दिसत नाहीत, पण फलकावरचे शब्द त्यांच्या बोलण्यात जसेच्या तसे येतात. गटातला एक जण ओझरतं वाचतो आणि बाकीच्यांना बोलून दाखवतो.

म्हणजे फलक डोळ्यांसाठी नाही, मोठ्याने वाचणाऱ्या आईच्या तोंडासाठी लिहायचा. चुंबकाचा जुना फलक मी मोठ्याने वाचून पाहिला : "वाहक नळीतून चुंबकाचे पतन होत असताना आवर्त प्रवाह निर्माण होतात." हे वाक्य कुठली आई आपल्या मुलाला म्हणेल? नवा फलक : "दोघं मिळून नळ्या उलटवा. आधी काय पडेल? का बरं?" खाली छोट्या अक्षरांत, ज्याला हवं त्याच्यासाठी, चार ओळींत कारण. "का बरं" वर कार्यालयात अर्धा तास वाद झाला, गांभीर्य नाही म्हणे. मी हटले नाही.

९ मार्च, रविवार

चंद्र. अंधारी खोली, मधे एकच दिवा हा सूर्य, प्रत्येकाच्या हातात काडीला टोचलेला पांढरा चेंडू. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा थोडा उंच धरायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचं. चेंडूवर आधी बारीक कोर, मग अर्धा, मग पूर्ण.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत मोठ्यांत अजून घट्ट आहे. इथे ती आपोआप सुटते. चेंडू खाली धरला की डोक्याची सावली त्यावर पडते आणि लोक ओरडतात, "गेला!" ते ग्रहण. उंच धरला की सावली चुकते आणि पौर्णिमा दिसते. खऱ्या चंद्राची कक्षाही सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, एवढंच मी सांगितलं.

निघताना प्रत्येक कुटुंबाला ३० रिकाम्या गोलांचा कागद दिला. रोज चंद्र शोधायचा आणि गोलात जसा दिसेल तसा रंगवायचा. कलांचं चक्र साधारण २९.५ दिवसांचं, आणि आपला रविवार महिन्याने येतो. हे जुळणं मला इतकं आवडलं की वर्षाचं वेळापत्रक आखताना हाच महिना मी आधी पक्का केला होता.

१३ एप्रिल, रविवार

कागद परत आले! सगळ्यांचे नाहीत, पण बऱ्याच जणांचे. एका मुलाने कित्येक गोलांत नुसते ढग काढलेत. दिसलाच नाही तर काय करणार, त्याने जे दिसलं ते काढलं, आणि माझ्या लेखी तो सगळ्यांत प्रामाणिक कागद आहे. एका घरात बहीण-भावाचं भांडण झालं होतं, चंद्र दिवसा दिसतो की नाही यावर. भाऊ हरला. दुपारी आकाशात अर्धा चंद्र बघायला वडिलांना हाताला धरून बाहेर ओढलं म्हणे. त्या वडिलांनीच हे मला सांगितलं, आणि म्हणाले, "मी इतक्या वर्षांत कधी वरच बघितलं नव्हतं."

सगळे कागद भिंतीवर लावले. एकाखाली एक लावल्यावर चंद्र सगळ्यांकडे एकाच क्रमाने फुगत आणि ओसरत गेलेला दिसतो. लोक बराच वेळ तिथे उभे होते, आपला कागद शोधत आणि शेजारच्याशी ताडून बघत. आतापर्यंतची सगळ्यांत चांगली मांडणी लोकांनीच आणून दिली.

१७ एप्रिल, गुरुवार

मे महिन्यासाठी हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू. ब्लोअर तिरका केला तरी चेंडू पडत नाही, हे बघून प्रत्येक जण हात पुढे करतो. झोत चेंडूला बिलगून वळतो, चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा चेंडूला परत झोतात ढकलते.

पण ब्लोअरचा आवाज! चाचणीत मी आणि सुतारदादा शेजारी उभे राहून ओरडत होतो. बोलणं व्हावं म्हणून सगळा खटाटोप आणि मांडणीच बोलू देत नाही. ब्लोअर पेटीत घातला, आतून फोमचं अस्तर लावलं. आवाज उतरला, पण काही वेळाने मोटर तापून बंद पडली. हवा आत यायला वाटच ठेवली नव्हती. आता पेटी शेजारच्या साठवणीच्या खोलीत, हवा आत यायला जाळी, आणि भिंतीतून जाड लवचीक पाइप.

११ मे, रविवार

चेंडू चालला. गर्दी खूप. बोलणं कमी, हसणं जास्त. तेही हवंच. पाइप एका जागी सैल होतो, क्लॅम्प बदलायचा.

२० मे, मंगळवार

जूनसाठी साबणाचे पडदे. तयारी करताना जोसेफ प्लातो यांच्याविषयी पुन्हा वाचलं आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

हा बेल्जियमचा भौतिकशास्त्रज्ञ, जन्म १८०१. १८३२ मध्ये त्याने फिरती चकती बनवली, जिच्या फटींतून आरशात बघितलं की चित्रं हलताना दिसतात. आमच्या दालनात तिची एक प्रतिकृती आहे. पुढे चाळिशी उलटल्यावर त्याची दृष्टी पूर्ण गेली. आणि साबणाच्या पडद्यांवरचं त्याचं मोठं काम त्यानंतरचं आहे. तारेच्या चौकटी द्रावणात बुडवून जे दिसेल ते घरातले लोक आणि सहकारी त्याला सांगायचे. त्यांत त्याचा मुलगा होता, जावई होता. तो विचारायचा, पुढचा प्रयोग सुचवायचा, नियम बांधायचा. १८७३ मध्ये ग्रंथ आला. तीन पडदे एका रेषेत भेटतात ते १२० अंशांनी, आणि अशा चार रेषा एका बिंदूत भेटतात त्या सुमारे १०९.५ अंशांनी. याहून वेगळं कधी होत नाही. याची गणिती सिद्धता जीन टेलर यांनी दिली ती थेट १९७६ मध्ये.

न बघणाऱ्याने विचारायचं आणि बघणाऱ्याने सांगायचं. गेले पाच महिने मी जे शोधत होते ते एका घरात तेव्हाच घडत होतं. उपक्रम ठरला : एकाने डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि ती शक्यतो मोठ्याने.

३ जून, मंगळवार

द्रावण : दहा भाग पाणी, एक भाग भांडी घासायचा द्रव साबण, थोडं ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे पाणी उडून जायला वेळ लागतो आणि पडदा टिकतो. आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं द्रावण ताज्यापेक्षा चांगलं निघालं, फेस बसून जातो. घन आणि चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) अशा दोन चौकटी, जाड तारेच्या, सांध्यांना डाग दिलेला. जमिनीवर खरखरीत चटया. साबणाचं पाणी फरशीवर पडतंच, आणि मुलं चालत नाहीत, पळतात.

८ जून, रविवार

चतुष्फलक आधी : सहा पडदे, सगळे मधल्या एका बिंदूत मिळालेले. मग घन. सगळ्यांना वाटतं सहा बाजूंना सहा पडदे येतील. येतो तो मधोमध तरंगणारा छोटा चौकोन. मुलं श्वास रोखून बघतात. उभ्या धरलेल्या पडद्यावर रंगांचे पट्टे खाली सरकतात, वरचा भाग काळा पडतो, कारण तिथे पडदा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पातळ झालेला असतो. एकदा हे कळलं की मुलं "आता फुटणार" हे आधीच सांगतात.

पट्टीचा उपक्रम मात्र निम्माच जमला. पट्टी बांधलेले वडील चार सेकंदांत ती वर सरकवून बघतात. "सांग ना काय दिसतंय" म्हणतात आणि उत्तराआधी डोकावतात. मुलांचं सांगणंही "मस्त आहे" वर थांबतं.

१२ जून, गुरुवार

सुतारदादांनी उपाय सुचवला. पट्टी नको. मेजावर एक उभी आडफळी, तिच्या एका बाजूला द्रावणाचं भांडं आणि दुसऱ्या बाजूला तशीच कोरडी चौकट व थोडा दोरा. आडफळीमागच्या माणसाने ऐकून आपल्या कोरड्या चौकटीत दोऱ्याने तोच आकार बांधायचा. हातांना काम मिळालं की डोकावायची घाई कमी होते. आणि आता "मस्त आहे" एवढ्यावर कुणाचं भागत नाही, दोरा कुठून कुठे न्यायचा ते सांगावंच लागतं.

१३ जुलै, रविवार

साबणाचा दुसरा रविवार, आडफळीसह. सकाळी गर्दी, दुपारी शांत.

तीनच्या सुमारास एक आजोबा आणि नऊ-दहा वर्षांची नात आली. आजोबांना दिसत नाही, हातात पांढरी काठी. मी आडफळी बाजूला करायला गेले, तर नात म्हणाली, "राहू दे ताई, आम्हाला चालेल." आजोबांनी कोरडी चौकट हातात घेऊन सगळ्या कडा चाचपल्या. मग नातीने ओली चौकट वर काढली.

"मधे एक छोटा चौकोन आहे, आजोबा."

"कशाला चिकटलाय?"

"कशालाच नाही. थांबा... त्याला पडदे आहेत. ते काड्यांपर्यंत जातात."

"प्रत्येक काडीपासून?"

ती मोजायला लागली आणि पडदा फुटला. पुन्हा बुडवली. "हो, प्रत्येक काडीपासून एक."

आजोबांनी हातातल्या चौकटीवर बोटं फिरवली. "काड्या बारा. म्हणजे बारा पडदे आणि तुझा चौकोन. तेरा."

नातीने पुन्हा मोजले. तेराच होते. तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही.

"आता चौकोनावर हळूच फुंकर मार," आजोबा म्हणाले, "आणि तो तसाच राहतो का सांग."

तिने फुंकर मारली. चौकोन आक्रसून रेष झाला आणि दुसऱ्या दिशेला उघडला. "आजोबा, झोपलेला होता, आता उभा राहिला!"

"किती तऱ्हांनी राहू शकेल?"

ते पाऊण तास तिथे होते. दोऱ्याचा एक आकार बांधून झाला, तो सोबत नेऊ का म्हणून विचारलं. दिला.

त्या गडबडीत ओल्या घनाचा एक सांधा सुटलाय. मंगळवारी डाग देऊन घ्यायचा. आणि कोरड्या चौकटी अजून चार करायच्या, घरी नेण्यासाठी.